दोरी बांधल्यानंतर

आमच्या शाळेत मराठीचा तास म्हणजे नऊ मुले, एक फळा आणि शेजारच्या वर्गातून ऐकू येणारे फ्रेंच पाढे. शिवजयंतीसाठी दरवर्षी आम्ही या नऊ जणांचे एखादे छोटे नाटक बसवतो. यंदा प्रतापगडाचा प्रसंग घेतला होता. खान झालेला मुलगा महाराजांपेक्षा बुटका, त्यामुळे मिठी मारताना त्याला पाटावर उभे करावे लागे. तालीम संपली, पाट उचलून ठेवला, आणि सहाव्या इयत्तेतला एक मुलगा मागे रेंगाळला. मराठीत सुरुवात करून अर्ध्यावर क्रेओलवर उतरत त्याने विचारले, "गुरुजी, खानाने आधी वार केला, म्हणून महाराजांनी त्याला मारले. ते बरोबर ना? मग माझ्या काकांनी चोराला मारले, तर पोलिसांनी काकांनाच का नेले?"

वाचकहो, पंचवीस वर्षांच्या जवळपास शिकवण्यात गेली, प्रशिक्षण महाविद्यालयात मुलांच्या प्रश्नांना कसे सामोरे जावे याचे धडे घेतले. पण त्या दिवशी "उद्या सांगतो" असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. घरी आलो तो प्रश्न बरोबर घेऊनच.

घडले ते असे. या काकांची भाजीची छोटी शेती आहे. वर्षभरात दोनदा त्यांचा पाण्याचा पंप चोरीला गेला. तिसरा पंप त्यांनी घराच्या आवारात, पडवीत आणून ठेवला. रात्री दीडच्या सुमारास कुत्रे भुंकले. काका काठी घेऊन बाहेर आले तो भिंतीवरून उतरलेला एक तरुण पडवीत उभा, हातात पेचकस. काकांनी काठी मारली, तो पडला, पेचकस दूर गेला. एवढ्यात शेजारी जागे झाले. कुणीतरी दोरी आणली. तरुणाला आंब्याच्या झाडाला बांधले आणि पोलिसांना फोन केला. पोलीस यायला तासभर लागला. त्या तासात दहा-बारा जणांनी आपला हात साफ करून घेतला. ज्यांची कोंबडी गेली होती त्यांनी कोंबडीसाठी, ज्यांचा गॅसचा सिलिंडर गेला होता त्यांनी सिलिंडरसाठी. हे सगळे याच तरुणाने नेले होते की नाही, हे कुणी विचारले नाही. पोलिसांनी त्याला इस्पितळात नेले. त्याच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि एका डोळ्याला जबर इजा झाली होती. दुसऱ्या दिवशी काकांना ठाण्यावर बोलावणे आले.

गाव खवळले. चोर सोडून संन्याशाला फाशी, असे जो तो म्हणू लागला. आम्हीही त्या दिवशी दुकानाच्या पायरीवर बसून तेच म्हटले. मुलाने विचारले तेव्हा मात्र जीभ अडखळली.

आपल्या बेटाचा कायदा या बाबतीत काय म्हणतो, हे आधी पाहू. आपला फौजदारी कायदा १८३८ सालचा आहे. तो फ्रान्सच्या १८१० च्या संहितेवर बेतलेला. त्यात स्वतःचा किंवा दुसऱ्याचा बचाव करण्याची खरीखुरी गरज असेल तर मारलेला घाव, इतकेच काय, झालेला मृत्यूदेखील गुन्हा ठरत नाही. रात्रीच्या वेळी कुणी भिंत चढून किंवा दार फोडून राहत्या घरात शिरत असेल, तर त्याला परतवण्यासाठी केलेला प्रहार ही अशीच गरज मानली जाते. हीच गोष्ट दिवसा घडली तर कायदा तितका उदार नाही; मग गुन्हा मानला जातो, फक्त शिक्षा कमी होते. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या शहाण्या माणसांना ठाऊक होते की अंधारात घाबरलेल्या माणसाला समोरच्याच्या हातात पेचकस आहे की सुरा, हे मोजून पाहता येत नाही.

स्वातंत्र्याबरोबर, १९६८ साली आलेली आपली राज्यघटनाही तेच निराळ्या शब्दांत सांगते. तिच्या चौथ्या कलमात जीविताचा हक्क आहे, आणि त्याला चार अपवाद आहेत : माणसाचे किंवा मालमत्तेचे संरक्षण, कायदेशीर अटक करणे किंवा कैदी पळू न देणे, दंगल मोडणे, आणि गुन्हा घडू न देणे. या चारही ठिकाणी बळ वापरता येते, पण परिस्थिती पाहता वाजवी ठरेल तितकेच. नागरिकाची काठी आणि पोलिसाची बंदूक घटनेने एकाच कलमात, एकाच मापाखाली ठेवली आहे, हे आम्हाला मुद्दाम नमूद करावेसे वाटते. आपण बहुधा दोन मापे वापरतो.

तेव्हा काकांची पहिली काठी कायद्यात बसते. आमच्या मते नीतीतही बसते. घरात बायकामुले झोपलेली असताना पडवीतल्या परक्या माणसाशी वाद घालत बसा, असे कुणालाही सांगता येणार नाही. अहिंसेचे नाव घेऊन तसे सांगणारे लोक बहुधा उंच भिंतीआड राहतात.

परंतु दोरी बांधल्यानंतर काय? झाडाला बांधलेला माणूस कुणावर चालून येत नाही. त्याच्यापासून बचाव करण्याजोगे काही उरलेले नसते. त्या क्षणी काका आणि त्यांचे शेजारी हल्ला परतवणारे राहिले नाहीत. ते त्या तरुणाचे राखणदार झाले. त्याला पाणी हवे की नको, त्याचे रक्त थांबले की नाही, हे पाहणे आता त्यांच्याकडे आले, कारण तो स्वतः काहीच करू शकत नव्हता. हे त्यांना आवडो न आवडो. दोरी आपण बांधली, तर दोरीच्या आतल्या माणसाचे उत्तरही आपणच द्यायचे.

मुलाच्या प्रश्नातला पहिला भाग इथे आठवतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे झाले ते आपल्या मराठी परंपरेप्रमाणे आधी खानाच्या बाजूने झाले. महाराजांच्या अंगात चिलखत होते म्हणून ते वाचले. मुलांना वाघनखे आवडतात. त्याच गडाच्या परिसरात खानाची कबर आहे, हे मात्र नाटकात कुणी दाखवत नाही. आम्हीही आजवर दाखवले नव्हते. खान पडल्यावर पडदा पडतो, टाळ्या होतात, आणि मुले मिठाई खायला धावतात.

आता थोडे मागे जाऊ, २१ फेब्रुवारी १९९९ च्या रविवारी. तो दिवस आठवत नाही असा चाळिशीपुढचा मॉरिशियन मनुष्य विरळा. सेगा आणि रेगे यांचा मेळ घालून सेगे हा संगीतप्रकार रूढ करणारा गायक काया, म्हणजेच रोश ब्वाचा जोसेफ रेजिनाल्ड तोपीझ, त्या दिवशी पोर्ट लुईच्या लाईन बॅरॅक्समधील आल्काट्राझ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कोठडीत मृत सापडला. वय अवघे अडतीस. पाच दिवसांपूर्वी रोझ हिलमध्ये गांजावरची बंदी उठावी म्हणून एक जाहीर कार्यक्रम झाला होता, तिथे गांजा ओढल्यावरून त्याला अटक झाली होती. त्याच्या डोक्याला इजा होती. ती कशाने झाली यावर शवचिकित्सा करणाऱ्यांचे एकमत झाले नाही. एका बाजूने म्हटले गेले की त्याने स्वतःच स्वतःला आपटून घेतले. दुसऱ्या बाजूने, परदेशी तज्ज्ञाच्या तपासणीवरून, याच्या उलट. त्याच्या मृत्यूबद्दल कुणाही पोलिसाला शिक्षा झाली नाही.

हा वाद आम्ही इथे सोडवू शकत नाही. पण आंब्याच्या झाडाखालचे माप तिथेही लावून पाहावे. समजा, कुणीही त्याला हात लावला नाही. तरी दाराला कुलूप कुणी लावले होते? किल्ली कुणाच्या खिशात होती? ज्या माणसाला आपण दार उघडून बाहेर पडू देत नाही, तो आत डोके आपटून घेत असेल तर ते ऐकायचे काम आपले. शासनाचेही तेच. आणि घटनेचे दहावे कलम सांगते त्याप्रमाणे तो निर्दोष होता, कारण कोणत्याही न्यायाधीशाने अजून त्याला दोषी ठरवले नव्हते.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. रोश ब्वामध्ये भडका उडाला आणि बेटभर पसरला. पोलीस ठाण्यांवर हल्ले झाले, दुकाने लुटली गेली, घरे जळली, माणसे मेली. बर्जे आगात हा आणखी एक गायक पोलिसांच्या छऱ्यांनी मारला गेला. काही ठिकाणी या दंगलीला जातीचा रंग चढला. तत्कालीन राष्ट्रपती कासाम उतीम यांनी शांततेचे आवाहन केले, ते स्वतः लोकांत फिरले, आणि बेट हळूहळू शांत झाले.

आम्ही तेव्हा अठरा वर्षांचे होतो. शाळा बंद होत्या. काया गेल्याचे समजले तेव्हा आमच्या गावात एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गांजा ओढणाऱ्याचे आणखी काय होणार?" आम्ही मान डोलावली. घरी त्याच्या गाण्यांची कॅसेट होती, तरीही डोलावली.

दुसऱ्या रात्री बातमी आली की रोश ब्वाहून लॉऱ्या भरून माणसे निघाली आहेत. उसाच्या शेतांतून गावात येणाऱ्या फाट्यावर पहारा बसला. काठ्या, ऊस तोडायचे कोयते, एकाकडे लोखंडी सळई. आमच्या हातात बॅटरी दिली होती, कारण आम्ही अभ्यासू मुलगा, मारामारीत कामाचे नव्हतो. नऊच्या सुमारास सायकलवरून एक क्रेओल माणूस आला. कुणीतरी "थांब" म्हणाले. तो थांबला. मग मागून एक काठी पडली, आणि तो पडल्यावर आणखी चार-पाच. बॅटरीचा उजेड त्याच्या तोंडावर पडला तेव्हा कुणीतरी ओरडले, "अरे, हा तर आपला गवंडी!" दोन वर्षांपूर्वी आमच्या घराच्या छताचे काँक्रीट त्यानेच ओतले होते. आमच्या आईच्या हातची डाळपुरी खाल्ली होती. तो काही बोलला नाही, फक्त उजेडाकडे पाहत राहिला. उजेडामागे आम्ही होतो.

त्याचे मनगट मोडले होते. तो हंगाम त्याचा बुडाला. त्याने तक्रार केली नाही. त्या आठवड्यात एकट्या क्रेओल माणसाने ठाण्यावर जाऊन कुणाविरुद्ध काय सांगावे? काही महिन्यांनी त्याचे कुटुंब गाव सोडून गेले. लॉऱ्या कधी आल्याच नाहीत. फाट्यावरच्या प्रत्येकाने पुढे हेच सांगितले की आपण गावाचे रक्षण करत होतो. भीती खरी होती, हे आम्ही आजही नाकारत नाही. पण तो सायकलवरून उतरून थांबला होता. थांबलेल्या माणसापासून कसले रक्षण?

आम्ही मारले नाही, फक्त बॅटरी धरली, असे बरीच वर्षे मनाला समजावले. बॅटरी नसती तर काठ्या कुठे पडल्या असत्या, हा विचार पुढे कधीतरी, शिक्षक झाल्यावर, वर्गात एका मुलाला चौघांनी घेरलेले पाहताना आला.

कुणी म्हणेल, हा पोलिसांचा आणि सरकारचा प्रश्न, आपण मराठी मंडळींनी त्यात का पडावे? आपल्या पूर्वजांना विचारले असते तर त्यांनी असे म्हटले नसते. करार संपलेल्या जुन्या गिरमिट्यांना १८६७ च्या कायद्याने छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो घरी विसरला, पावसात भिजला, की भटक्या ठरवून अटक. कोकणातून आलेला एखादा आजा बाजारात भाजी घ्यायला गेला आणि रात्र कोठडीत काढून आला, हे तेव्हा नवल नव्हते. १८७१ साली आदोल्फ द प्लेविट्झ याने तयार केलेल्या अर्जावर ९,४०१ जुन्या प्रवाशांनी सह्या-अंगठे केले, तेव्हा कुठे राजेशाही चौकशी मंडळ आले. त्या ९,४०१ जणांतल्या प्रत्येकाला शिक्षेची भीती होती, आणि प्रत्येकाने आपले नाव दिले.

आणि २७ सप्टेंबर १९४३. बेल व्ह्यू हारेल येथे मजुरीसाठी संपावर असलेल्या ऊसमजुरांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौघे मेले, त्यांत बत्तीस वर्षांची गर्भवती अंजले कुपेन होती. आज तिच्या नावाचे क्रीडांगण आहे. मुले तिथे फुटबॉल पाहायला जातात.

आपल्याला अंजलेबद्दल हळहळ वाटते आणि कायाबद्दल "त्याने ओढायला नको होते" असे वाटते. का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा लेख पुरा करणे अन्यायाचे होईल. आपल्या समाजातली कितीतरी मुले पोलिसात आहेत. आमचा एक जुना विद्यार्थी शिपाई आहे. गणेश विसर्जनाच्या बंदोबस्तावर भेटला तेव्हा आम्ही त्याला कोठडीतल्या मारहाणीबद्दल विचारले. २०२२ साली ज्या चित्रफिती बाहेर आल्या आणि ज्या पाहून साऱ्या बेटाला लाज वाटली, त्यांचा विषय निघाला. तो म्हणाला, "गुरुजी, रात्री दोन वाजता एका गल्लीत आम्ही दोघे आणि समोर वीस जण. त्या वेळी पाय लटपटतात. तो राग मग कुठेतरी निघतो. ज्याच्यावर निघतो तो त्या वीस जणांतला नसतोच पुष्कळदा." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि बाहेर आलो की लोक म्हणतात, चांगला चोप दिला ना?"

त्याचे हे शेवटचे वाक्य आम्हाला झोंबले. चोप मागणारे आपण. कबुलीजबाबावर लवकर खटला उभा राहावा, संशयिताला आधी आत टाकावे आणि पुरावा नंतर शोधावा, असे वाटणारेही आपणच. आपल्याकडे तात्पुरत्या आरोपावर माणसाला पकडण्याची जी जुनी पद्धत आहे, तिच्यावर वकीलमंडळी वर्षानुवर्षे टीका करत आली. पण आपल्या घरातला कुणी अडकेपर्यंत तिचा आपल्याला त्रास होत नाही. पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकण्यासाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा २०१६ साली झाला आणि २०१८ पासून तो आयोग काम करू लागला. हे चांगलेच झाले. पण तिथे जाऊन "मी पाहिले" असे सांगायला कुणीतरी लागते.

असो. मुलाला उत्तर द्यायचे राहिले होते. दुसऱ्या दिवशी तासाला आम्ही त्याला फळ्यावर दोन चित्रे काढून दाखवली : एकात भिंतीवरून उतरणारा माणूस, दुसऱ्यात झाडाला बांधलेला. विचारले, "यातल्या कुणाची भीती वाटते?" त्याने पहिल्याकडे बोट दाखवले. "आणि दुसऱ्याला कुणाची भीती वाटत असेल?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पण गुरुजी, काकांनी एकदाच मारले. बाकी सगळ्यांनी मारले. मग पोलिसांकडे एकटे काकाच का?"

याचे कारण आम्हाला नंतर कळले. काकांनी ठाण्यावर जबानी दिली की जे केले ते आपण एकट्यानेच केले. शेजाऱ्यांची नावे घेतली नाहीत. ज्यांच्यासाठी ते गप्प राहिले, ते दहा-बारा जण दुकानाच्या पायरीवर बसून पोलिसांना शिव्या घालत होते.

गेल्या शनिवारी संध्याकाळी बैठकेत मंडळी जमली. विषय गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाचा होता, पण बोलणे वळून तिथेच आले. वकिलासाठी वर्गणी काढावी असे ठरत होते. आम्ही उभे राहिलो आणि १९९९ ची फाट्यावरची हकीकत सांगितली. आजवर ती कुठे बोललो नव्हतो. फाट्यावर होते त्यांतले दोघे समोर बसले होते. त्यांनी खाली पाहिले. तो गवंडी काही वर्षांपूर्वी वारला असे कळले आहे, त्यामुळे ज्याला सांगायला हवे होते त्याला आता सांगता येत नाही, तेही सांगितले. कुणी काही बोलले नाही. मग ज्यांना सारे गाव आजा म्हणते ते सत्तरीचे गृहस्थ खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि काकांकडे वळून म्हणाले, "दोरी मी आणली होती रे. सोमवारी ठाण्यावर जाशील तेव्हा मला हाक मार."

सोमवारी सकाळी शाळेत जाताना बसथांब्यावर ते दोघे दिसले. आजांनी लग्नाकार्याचा सदरा घातला होता. त्यांच्यामागे आणखी तिघे उभे होते.